घडी मोडलेल्या साड्या आणि अवघड गिऱ्हाइकं

मागच्या अंकात मी घरातल्या जुन्या साड्या आणि कपडे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टावर कसे विकायचे ते लिहिलं होतं, फोटो कसे काढायचे, किंमत कशी लावायची वगैरे. मला वाटलं आता कुरियरचे नि पॅकिंगचे प्रश्न येतील. पण निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आली, की गिऱ्हाईक असं काहीतरी मागतं की काय बोलावं तेच सुचत नाही, नाही म्हणावं तर उद्धटपणा वाटतो आणि हो म्हणावं तर मन खातं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

आपल्या आया बोहारणीशी घासाघीस करायच्या ते तुम्हाला आठवत असेल. ती दारात बैठक मारून बसायची, दोन साड्या आणि एक पँट पुढे केली की तिचं एक पातेलं निघायचं, मग ती साडी उजेडात धरून बघायची, इथे विरलीय, इथे डाग आहे, आणि परत बाजूला टाकायची. भांडण व्हायचं पण सगळं कापडावरून व्हायचं. आता गिऱ्हाईक दिसत नाही, रात्री साडेअकराला मेसेज येतो आणि प्रश्न कापडाचा आहे की आपला हेच कळत नाही. मी सात वर्षं हे काम करतेय, आणि आता मेसेज आला की आधी तेवढंच बघते, कापडाबद्दल विचारलंय की माझ्याबद्दल. कापडाबद्दल असेल तर कितीही विचारा, दहा फोटो मागा, मी देते.

ताई, मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे कुर्ते आणि जीन्स इन्स्टावर विकते. एका अकाउंटवरून, त्यावर मुलीचा फोटो आहे, आधी कुर्त्याचं माप विचारलं, मग घालून फोटो पाठव म्हणजे फिटिंग कळेल असं सांगितलं. मी चेहरा कापून एक पाठवला. तर आता म्हणते की न धुता पाठव, दुप्पट पैसे देईन. मला खूप घाण वाटतंय. आईला सांगितलं तर ती अकाउंटच बंद करायला लावेल. माझं चुकलं का? – एक वाचक, नाशिक

तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी नीट वाच आणि मग पुढचं वाच. तू कुर्ता विकायला ठेवलास, समोरच्याने फिटिंगच्या नावाखाली एक पायरी चढली, तू चांगुलपणाने एक फोटो दिलास, मग त्याने दुसरी पायरी चढली. हे असंच चालतं, पहिली मागणी नेहमी साधी असते. आणि प्रोफाइलवर मुलीचा फोटो आहे म्हणून पलीकडे मुलगीच आहे असं धरून चालू नकोस.

न धुतलेला कपडा मागणाऱ्याला कुर्ता नकोय. त्याच्याशी वाद घालू नकोस, समजावू नकोस, शिव्याही देऊ नकोस, त्याला उत्तरच हवं असतं. आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढ, त्यात अकाउंटचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मग रिपोर्ट करून ब्लॉक कर. क्रम उलटा करू नकोस, ब्लॉक केल्यावर चॅट सापडायला त्रास होतो. दुसऱ्या अकाउंटवरून परत आला, किंवा तो फोटो दाखवून धमकी दिली, तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, तिथे महिलांसाठी वेगळा विभाग आहे आणि काही प्रकारच्या तक्रारी नाव न सांगताही नोंदवता येतात. बाईला उद्देशून लैंगिक अर्थाची शेरेबाजी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हा आहे आणि नको सांगूनही पुन्हा पुन्हा मेसेज करत राहणं कलम 78 खाली येतं. धमकी आली तर घाबरून पैसे किंवा अजून फोटो अजिबात द्यायचे नाहीत.

आता माप. फिटिंग विचारणाऱ्या सगळ्याच वाईट नसतात, आपणही विचारतोच. पण त्यासाठी कुणी अंगावर घालायची गरज नसते. कुर्ता पलंगावर सपाट पसर, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लाव आणि टेपसकट फोटो काढ, ते माप दुप्पट केलं की छाती. तसंच खांदा, बाही, उंची, आणि आतमध्ये सैल करायला किती कापड दाबलंय तेही लिही, ते फार कमी जणी लिहितात आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. पहिल्या पोस्टमध्येच टाकून ठेव, फोटो हँगरवरचेच मिळतील, कपडे धुऊन इस्त्री करून पाठवते. एवढं लिहिलं की निम्मे लोक मेसेजच करत नाहीत.

आणि आईला सांग. फोन हातात दे आणि स्क्रीनशॉट दाखव, पुढे काय करणार आहेस तेही सांग. आई रागावेल ती घाबरून रागावेल, पण हे एकटीने पोटात ठेवून बसण्यापेक्षा ते बरं.

ताई, माझी पैठणी 4500 ला लावलीय, एकदाच नेसलेली. एक बाई म्हणतात लगेच घेते, पण नाही आवडली तर चार दिवसांत परत आणि पूर्ण पैसे परत. त्यांच्या स्टेटसला भाचीच्या लग्नाची पत्रिका आहे, लग्न परवा आहे! – एक वाचक, सातारा

तुम्हाला जे वाटतंय ते बरोबरच वाटतंय.

माझ्याबरोबर हे झालंय. मोरपंखी कांजीवरम, मी तीनदाच नेसले होते, चांगल्या घरातली बाई, गोड बोलणं, मी विश्वासाने परतीचं हो म्हटलं. पाचव्या दिवशी पार्सल आलं, घडी व्यवस्थित, वरून काही कळणार नाही. उघडली तर अत्तराचा वास, निऱ्यांच्या आत दोन बोटं रुंद हळदीचा डाग, आणि खांद्याच्या जागी पिनने ओढून पडलेली दोन भोकं, एक तर काठावर, त्यातून जरीची तार बाहेर आलेली. मी फोन केला तर म्हणाल्या अशीच आली होती. माझ्याकडे पाठवण्याआधीचे फोटो नव्हते. पैसे दिले मी परत. साडी अजून कपाटात आहे, ती भोकं दिसली की अजून राग येतो.

त्या बाईंना लग्नापुरतीच साडी हवी असेल तर त्यात वाईट काही नाही, वाईट आहे ते लपवणं. म्हणून तुम्ही सरळ विचारा, ताई, लग्नापुरती हवी आहे का, भाड्याने देते. 4500 पूर्ण डिपॉझिट आधी घ्यायचं, त्यातून दोन दिवसांचं तुम्हाला पटेल ते भाडं आणि ड्रायक्लीनचा खर्च कापायचा, डाग किंवा भोक निघालं तर काय कापणार ते आधीच लिहून द्यायचं. खूप जणी आनंदाने तयार होतात, त्यांना असं विचारायची लाज वाटत असते एवढंच. आणि विक्रीच करायची असेल तर परतीची अट अशी ठेवा, पदराच्या गोंड्यांना लाल दोऱ्याने एक चिठ्ठी घट्ट बांधायची, अगदी दर्शनी जागी, चिठ्ठी सुटली तर परत नाही. चिठ्ठीसकट साडी नेसून लग्नात कुणी मिरवत नाही. पाठवायच्या आधी सगळी साडी उलगडून, दोन्ही काठ, पदर, निऱ्यांची बाजू असा दिवसाच्या उजेडात व्हिडिओ काढा आणि त्यांना पाठवून ठेवा.

मिलिटरीत आहे म्हणणारा एक माणूस बायकोसाठी माझ्या तीन साड्या न बघता, भाव न करता घेतोय. क्यूआर कोड पाठवलाय, म्हणतो स्कॅन करून पिन टाका की पैसे तुमच्या खात्यात येतील. – एक वाचक, ठाणे

टाकू नका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. जवानांबद्दल आपल्याला आदर असतो त्याचाच हे लोक फायदा घेतात, ओळखपत्राचा फोटोही पाठवतात, तो कुणाचा तरी उचललेला असतो. तीन साड्या घेणारी बाई किमान काठाचा रंग तरी विचारते हो. पैसे गेलेच असतील तर तासाभराचाही उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, लवकर कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. आणि सगळ्याच जणींना सांगते, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. चुकून जास्त आले, वरचे परत पाठवा असा मेसेज आला तरी आधी खातंच बघायचं.

एका बाईंनी माझी घडी न मोडलेली साडी घेतली. लग्नात विहिणीला मानपानाला द्यायचीय म्हणून दुकानाचं बिल आणि 6000 चा टॅग लावून द्या म्हणतात. माझ्याकडून घेतलीय 1800 ला. – एक वाचक, सांगली

टॅग आणि बिल नाही. साडी छान पॅक करून द्या, पाकिटात किंमत टाकू नका, तुमची चिठ्ठी टाकू नका, एवढं कुठलाही दुकानदार करतो. पुढे त्या विहिणीला काय सांगतात तो त्यांचा प्रश्न. पण खोटं बिल तुमच्या हातचं असतं, उद्या ती विहीण बदलून घ्यायला त्या दुकानात गेली तर तुमचं नाव निघेल.

मी लेकीचे लहान झालेले परकर-पोलके आणि घागरे विकते. फेसबुकवर मी लेकीच्या नावाने, अमकीची आई असं अकाउंट ठेवलंय. एका बाईंनी खणाचं परकर-पोलकं पसंत केलं, पैसे पाठवायच्या आधी म्हणाल्या, आडनाव काय तुमचं? मी विचारलं कशाला, तर म्हणे सहज हो, लेकराच्या अंगाला लागणार ना. मी सांगितलं आणि त्यांनी परत मेसेजच केला नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. – एक वाचक, पुणे

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ते सहज नव्हतं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही आहे, आणि त्या बाईंनाही आहे.

पुन्हा कुणी विचारलं तर आडनाव सांगायचं नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव लागतं ते पैसे आल्यावर, आणि तिथे अकाउंटचं नाव किंवा नुसतं पहिलं नाव घातलं तरी बहुतेक वेळा पार्सल जातं. उत्तर एवढंच द्या, पोलकं सुती खणाचं आहे, दोनदा घातलंय, गरम पाण्यात धुतलंय, छाती 24 आहे, बाकी माहिती विक्रीत येत नाही. आणि तरीही अडून बसल्या तर तुम्हीच म्हणा की मला तुम्हाला विकायचं नाही. विकणाऱ्यालाही नाही म्हणता येतं, हे आपण विसरतो कारण आपल्याला वाटतं गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे. दुकानातून नवा खण घेताना तो कुणी विणला, कुणी शिवला, कुणी इस्त्री केला हे त्या बाई विचारत नसणार. संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली त्याला 75 वर्षं होऊन गेली, आणि पाच वर्षांच्या पोरीच्या पोलक्यावरून अजून आडनाव विचारतात, मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. ग्रुपवर हे झालं असेल तर अ‍ॅडमिनला कळवा. मी ज्या ग्रुपमध्ये विकते तिथे जात-आडनाव विचारलं की बाहेर काढतात, असा नियम तुमच्या अ‍ॅडमिननाही सुचवा. ते पोलकं अजून असेल तर मला फोटो पाठवा, चार ओळखीच्या ठिकाणी टाकते.

ताई, आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या साठेक साड्या होत्या, बहिणीने आणि मी दहा ठेवल्या, नात्यात दिल्या, आता उरलेल्या विकायला काढल्यात. बायका विचारतात, कुणाच्या आहेत, मयताच्या नाहीत ना? एकीला खरं सांगितलं तर तिने घेतलेली साडी नको म्हणून पैसे परत मागितले आणि ग्रुपवरही लिहिलं की विचारून घ्या. वहिनी म्हणते सांगायचंच कशाला, माझ्या म्हणून विक. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

माझ्या म्हणून विकू नका. खोटं पडतं म्हणून तर आहेच, पण दुसरंही कारण आहे, प्रत्येक साडीला तुम्हाला ते खोटं परत बोलावं लागेल आणि आईच्या साड्या विकताना आईचंच नाव लपवायचं, हे तुम्हाला जड जाईल.

त्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न असतात. एक म्हणजे शेवटच्या वेळी अंगावर होती का. तर ती साडी घरी परत येतच नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भीती बोलत असते, तेव्हा न चिडता सांगा की या कपाटातल्या, आई असताना तिने नेसलेल्या आणि जपलेल्या साड्या आहेत. दुसरा प्रश्न शकुनाचा. काही जणी काही केल्या घेणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे, पैसे तुम्ही परत केलेत ना, मग झालं. ग्रुपवर एकदाच शांतपणे लिहा की हो, माझ्या आईच्या साड्या आहेत, विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं. पुढे वाद घालू नका.

मी तर म्हणते विचारायची वाटच बघू नका, पोस्टमध्येच लिहा. तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला मी काय सांगायचं, अंबाबाईला नेसवलेली साडी मिळावी म्हणून बायका किती धडपडतात, ती पण नेसलेलीच साडी असते. कुणी नेसली होती यावर कापडाचं मोल वाढतंही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुनंच मऊ कापड घालतात, आजीच्या सुती लुगड्याचं दुपटं करतात, आजी गेली असली तरी करतात. सासूबाई गेल्यावर मी त्यांच्या साड्या अशाच काढल्या होत्या, लिहिलं होतं की सासूबाई शिक्षिका होत्या, या त्यांच्या शाळेत नेसायच्या साड्या, नारायणपेठ आणि इरकल, जपून वापरलेल्या. दोघीतिघींनी नाकं मुरडली. पण एका बाईंनी चार इरकली घेतल्या, त्यांच्या आईच्या साड्या पुराच्या पाण्यात गेल्या होत्या आणि त्यांना तसाच बारीक चौकडा, तसाच लाल टोपपदर हवा होता. त्यांनी भाव केला नाही, मीच शंभर कमी घेतले.

एक काम मात्र विकायच्या आधी करा. प्रत्येक साडी पूर्ण उलगडा, घडीसकट देऊ नका. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवर विरते, खिडकीसमोर धरली की त्या रेघेतून उजेड दिसतो, ते फोटोत दाखवा आणि तशी साडी नेसायला म्हणून विकू नका, ड्रेस किंवा पोलक्यासाठी म्हणून कमी किमतीत द्या. शिवाय घड्यांमध्ये काही ठेवलेलं असतं. सासूबाईंच्या एका साडीच्या पदराला गाठ होती, सोडली तर आत एसटीचं तिकीट आणि दोन रुपयांची नोट, चौघडी करून इतकी बारीक की मी ती कागदाचा बोळा म्हणून टाकणार होते. ते मी फ्रेम वगैरे केलं नाही, पाकिटात ठेवलंय. तुमची उलगडायची तयारी अजून झाली नसेल तर विक्री थांबवा, चार-सहा महिन्यांनी कापडाचं काही बिघडत नाही, फक्त डांबरगोळ्या थेट रेशमावर ठेवू नका, मलमलच्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा.

गिऱ्हाईक म्हणतं साडी रेशमाची आहे हे सिद्ध करायला एक धागा जाळून व्हिडिओ पाठवा. चांगली साडी जाळायची? – एक वाचक, जळगाव

हा प्रश्न मला आवडला, कारण हा कापडाचा प्रश्न आहे आणि बाई जाणकार आहेत. राग मानू नका. साडी कुठे जाळायचीय, ब्लाऊजपीसच्या कापलेल्या कडेचा किंवा गोंड्याचा बोटभर धागा पुरतो, जरीचा नको, उभा एक आणि आडवा एक असे दोन घ्या कारण पुष्कळ साड्यांत एकीकडे रेशीम आणि दुसरीकडे पॉलिस्टर असतं. स्टीलच्या ताटलीत, पंखा बंद करून, चिमट्यात धरून जाळा. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिडिओत वास येत नाही म्हणून ती राख बोटाने चुरून दाखवा. पैठणी हातमागाची म्हणून विकत असाल तर पदराची उलटी बाजूही दाखवा, हातमागाच्या पदरावर मोर-पोपट मागूनही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसतात, मागे धागे लोंबत असतील तर ती बहुधा सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, आणि मग सेमी म्हणूनच किंमत लावा. मणी झाला तर त्या बाईंना तसं कळवून टाका, पोस्टमध्ये रेशमी लिहिलं असेल ते लगेच बदला, आणि तुम्ही स्वतः ती रेशमाच्या भावात घेतली असेल तर ज्या दुकानातून घेतली तिथे बिल घेऊन जा.